राजीनाम्याआधीचा कागद : क्रिकेट मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व पदाधिकारी, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
तसेच वरिष्ठ राष्ट्रीय निवड समितीचे सर्व सदस्य

विषय : भारतीय कर्णधाराची नेमणूक, उचलबांगडी आणि राजीनामा यांची लेखी कार्यपद्धती ठरवण्याबाबत

स.न.वि.वि.

हे पत्र कुणा एका कर्णधाराची वकिली करण्यासाठी लिहिलेले नाही. मानापमानावरून कर्णधाराने राजीनामा दिला की चार दिवस कल्ला होतो. तो मानी होता की हेकट, यावर माणसे हिरिरीने भांडतात. पाचव्या दिवशी नवा कर्णधार नाणेफेकीला जातो आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते. आम्ही क्रिकेटचे नियम आणि जुन्या नोंदी धुंडाळणारे लोक. आमच्या पाहण्यात असे बहुतेक प्रसंग तीनच जागी पेटलेले आहेत : शेवटच्या अकरा जणांवर शेवटचा शब्द कुणाचा, निर्णय कर्णधाराच्या कानी कुणी आणि कधी घालायचा, आणि नंतर जाहीरपणे बोलायचे कुणी. या तिन्ही बाबतींत आपल्याकडे सारे संकेतावर चालते. संकेत गोडीगुलाबीत पाळले जातात, वादात त्यांचा काही उपयोग होत नाही. पुढचा राजीनामा पडल्यावर वरातीमागून घोडे नाचवण्यापेक्षा आत्ताच चार गोष्टी मांडतो.

सुरुवात १९५८-५९ पासून करावी लागते, कारण वेस्ट इंडिजच्या त्या भारत दौऱ्यात या दुखण्याची सगळी लक्षणे एका मालिकेत सापडतात. नोव्हेंबरअखेर ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिल्या कसोटीत कर्णधार होते पॉली उम्रीगर, सामना अनिर्णित. कानपूर आणि कलकत्त्याला गुलाम अहमद. कानपूरला सुभाष गुप्ते यांनी पहिल्या डावात १०२ धावांत ९ बळी घेतले, तरी भारत २०३ धावांनी हरला. ईडन गार्डन्सवर रोहन कन्हाय यांनी एकट्याने २५६ केल्या आणि भारत एक डाव ३३६ धावांनी हरला. गुलाम अहमद बाजूला झाले. मद्रासच्या चौथ्या कसोटीसाठी कर्णधारपद पुन्हा उम्रीगरांकडे आले. २१ जानेवारीला सामना सुरू व्हायचा, आणि त्याच्या तोंडावर अकरा जणांत कोण असावे यावरून त्यांचे मंडळाच्या अध्यक्षांशी बिनसले. आदल्या रात्री उम्रीगरांनी कर्णधारपद सोडले. सकाळी विनू मंकड कर्णधार. २९५ धावांनी हार. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीला हेमू अधिकारींना पाचारण झाले. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळी घेतले, सामना वाचला, आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. लगेचच्या इंग्लंड दौऱ्यावर पाचवे कर्णधार दत्ताजीराव गायकवाड. लॉर्ड्सला सहावे पंकज रॉय. नोव्हेंबर ते ऑगस्ट या काळात सहा कर्णधार, दहा कसोट्या, आठ पराभव, दोन अनिर्णित.

मद्रासच्या त्या रात्रीचे भाग सुटे करून पाहण्यासारखे आहेत. उम्रीगर पळून गेले नाहीत. तोच सामना ते साधे खेळाडू म्हणून खेळले. त्यांनी टाकली ती फक्त जबाबदारी, म्हणजे दुसऱ्याने बसवलेल्या संघाच्या निकालाचे धनीपण. दुसरे असे की वाद मोठा नव्हता, एखाद्या जागेचा होता. पण शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेले नसल्यामुळे त्या एका जागेवर अख्खे पद पणाला लागले. आणि तिसरे, वेळ. संघाचा वाद दुपारी निघाला तर जेवणापर्यंत मिटतो, रात्री निघाला तर दोन्हीकडची माणसे थकलेली असतात आणि सकाळपर्यंत एकाला माघार घ्यावीच लागते. बैठकीचे घड्याळ नीट लावले असते, तर मंकडांवर सकाळी दुसऱ्याचा संघ घेऊन उतरायची पाळी आली नसती.

या प्रसंगाला आज साठाहून जास्त वर्षे झाली. मंडळ तेव्हाचे राहिलेले नाही. निवड समितीवर येण्यासाठी किती सामने खेळलेले असावेत, निवृत्तीला किती वर्षे झालेली असावीत, हे आता मंडळाच्या घटनेत मोजूनमापून लिहिलेले आहे. कर्णधाराबाबत इतकी मोजदाद कुणी केलेली नाही.

उलट खेळाच्या नियमांत कर्णधाराचे स्थान चांगले स्पष्ट आहे. नियम क्रमांक १ पाहा. अकरा जणांची नावे लेखी देण्याचे काम कर्णधाराचे. आंतरराष्ट्रीय सामन्यात तो कागद नाणेफेकीपूर्वी सामनाधिकाऱ्याच्या हाती जातो. नाणेफेक खेळ सुरू होण्याच्या आधी ३० ते १५ मिनिटांच्या दरम्यान. नावे दिल्यावर प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीशिवाय बदल नाही. खेळ नियमांनुसार आणि खिलाडूवृत्तीने व्हावा, याची जबाबदारी कायम कर्णधारावर. षटकांची गती मंदावली तर सामनाधिकारी बोलावतो तोही कर्णधारालाच. २०१९ पर्यंत त्यापायी कर्णधारावर सामन्याची बंदीसुद्धा येत असे. म्हणजे खेळाचा कायदा मानतो की संघ कर्णधाराचा आहे. मंडळाचा व्यवहार मानतो की संघ निवड समितीचा आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पंधरा-सोळा जणांचा चमू समितीने निवडावा, यात वावगे काही नाही. कर्णधाराचे डोळे आपल्या ड्रेसिंग रूमपुरते असतात, रणजीत कोण काय करतो आहे हे त्याला कळतेच असे नाही. पण चमूतून अकरा काढताना खेळपट्टी पाहणारा, कुणाचा खांदा दुखतो आहे हे जाणणारा आणि हरल्यावर पत्रकारांपुढे बसणारा माणूस एकच असतो. त्या टप्प्यावर त्याचा शब्द शेवटचा असावा, आणि हे कागदावर यावे.

हा आपल्यापुरताच घोळ नाही. ९ सप्टेंबर २०२१ ला अफगाणिस्तानने टी-२० विश्वचषकासाठी संघ जाहीर केला आणि काही मिनिटांतच रशीद खानने कर्णधारपद सोडले. कारण एवढेच दिले की संघ ठरवताना त्याची संमती घेतली गेली नाही. नेमणूक होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मोहम्मद नबीकडे संघ गेला. रशीद चुकला की अफगाण मंडळ, या वादात आम्ही पडत नाही. पण संघ जाहीर होण्याआधी कर्णधाराला यादी वाचून दाखवण्याचा एक फोन झाला असता, तर मतभेद बंद दाराआड राहिला असता. कर्णधाराला नकाराधिकार द्या असे आमचे म्हणणे नाही. तो समितीच्या बैठकीला बसावा, मत मांडावे, त्याला मत देण्याचा हक्क नसावा, आणि एखाद्या नावाला त्याचा विरोध असेल तर तो इतिवृत्तात दोन ओळींत नोंदला जावा. विरोध नोंदला गेला की माणूस निम्मा शांत होतो. हरल्यावर खापर फोडायला तीच नोंद उपयोगी पडेल, अशी भीती समितीला वाटेल; ती रास्त आहे, म्हणून इतिवृत्त गोपनीय ठेवा. पण नोंद असू द्या.

गोंधळ उलट्या बाजूनेही झाला आहे. २०१२ च्या सुरुवातीला समितीने महेंद्रसिंग धोनीला कर्णधारपदावरून हटवायचे ठरवले आणि मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी तो निर्णय होऊ दिला नाही, हे समितीवर असलेल्या मोहिंदर अमरनाथ यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले. कर्णधार वाचला म्हणून तेव्हा टाळ्या वाजल्या. समितीच्या मानाचे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही. अध्यक्षांचा हात एकदा कर्णधाराच्या बाजूने आणि एकदा विरुद्ध पडतो, इतकाच १९५९ आणि २०१२ मधला फरक.

आता सांगण्याची रीत. सगळ्यात जास्त जखमा इथे झाल्या आहेत, आणि टाळायला सगळ्यात सोप्याही याच आहेत.

१९७९ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर ४३८ धावांचा पाठलाग करताना भारत ८ बाद ४२९ वर थांबला. नऊ धावा कमी पडल्या. सुनील गावसकरांच्या २२१ धावांमुळे तो सामना सगळ्यांना आठवतो. कर्णधार होते वेंकटराघवन. परतीच्या विमानात वैमानिकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बातमी दिली की गावसकर यांची कर्णधारपदी निवड झाली आहे. जुना कर्णधार त्याच विमानात बसलेला. त्याआधी १९७४ च्या डिसेंबरात दिल्लीला कर्णधार पतौडी जखमी असल्याने याच वेंकटराघवन यांनी कसोटीत नेतृत्व केले होते, आणि पुढच्याच कलकत्त्याच्या कसोटीत ते बारावे खेळाडू होते. दिल्लीच्या त्या सामन्यात आदल्या संध्याकाळी आपल्याला ‘तूच कर्णधार’ म्हणून सांगितले गेले होते, असे यष्टिरक्षक फारुख इंजिनियर यांनी नंतर वेळोवेळी सांगितले आहे. त्याच वर्षी अजित वाडेकर : वेस्ट इंडिज आणि दोनदा इंग्लंड अशा लागोपाठ तीन मालिका जिंकलेला कर्णधार, १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात ३-० हरला, तर पश्चिम विभागाच्या संघातूनच वगळला गेला. त्यांनी खेळणेच थांबवले. पद काढणे हा मंडळाचा हक्क आहे; कर्णधाराला नारळ देऊ नका, असे कुणीच म्हणत नाही. पण नारळ हातात द्यायचा असतो, डोक्यात घालायचा नसतो.

२०२१ चे प्रकरण ताजे आणि तारखांनिशी नोंदलेले आहे, म्हणून ते जरा सविस्तर. १६ सप्टेंबरला विराट कोहलीने विश्वचषकानंतर टी-२० चे कर्णधारपद सोडणार असल्याचे जाहीर केले. एकदिवसीय आणि कसोटीत राहायची इच्छा आहे, हेही सांगितले. ८ डिसेंबरला दक्षिण आफ्रिका दौऱ्याचा कसोटी संघ जाहीर झाला. त्या प्रसिद्धिपत्रकात एक ओळ होती : यापुढे एकदिवसीय आणि टी-२० संघांचा कर्णधार रोहित शर्मा. जुन्या कर्णधाराचे नाव त्या ओळीत नव्हते. आभाराचा संदेश दुसऱ्या दिवशी आला. मग मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले की टी-२० चे पद सोडू नकोस अशी विनंती आम्ही केली होती. १५ तारखेला कोहली पत्रकारांपुढे म्हणाला की तसे कुणी म्हटले नाही, आणि एकदिवसीय पद गेल्याचे आपल्याला निवड बैठकीच्या दीड तास आधी आलेल्या फोनवर, कसोटी संघाची चर्चा संपता संपता कळले. ३१ तारखेला निवड समितीच्या अध्यक्षांनी पुन्हा सांगितले की बैठकीतल्या सगळ्यांनी त्याला फेरविचार करायला सांगितले होते. १४ जानेवारी २०२२ ला केपटाउनला मालिका २-१ अशी गेली, आणि १५ ला त्याने कसोटीचे पदही सोडले. ६८ कसोट्या, ४० विजय. भारताच्या कुठल्याही कर्णधाराहून जास्त.

यात खरे कोण बोलले, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही नाही. पाहण्याजोगी गोष्ट ही की तीन जबाबदार माणसे एकाच संभाषणाबद्दल तीन वेळा बोलली आणि त्यांच्यापैकी एकानेही कागद दाखवला नाही. विनंती लेखी असती, चार ओळींचा ईमेल असता, तर १५ डिसेंबरची पत्रकार परिषद झालीच नसती. मर्यादित षटकांच्या दोन्ही संघांना एकच कर्णधार असावा, हे कारण क्रिकेटच्या दृष्टीने पटण्यासारखे होते. सप्टेंबरातच ‘टी-२० सोडलेस तर एकदिवसीयही जाईल’ असे स्पष्ट लिहून दिले असते, तर निवड कोहलीच्या हाती राहिली असती. चांगला निर्णय वाईट पद्धतीने कळवला की निर्णय विसरला जातो आणि पद्धतच लोकांच्या लक्षात राहते.

तेव्हा आमचा मसुदा असा. नेमणुकीच्या वेळी कर्णधाराला एक पानाचे पत्र द्यावे. त्यात कुठल्या प्रकारासाठी, कुठल्या मालिकेपासून कुठल्या मालिकेपर्यंत, चमूच्या बैठकीत त्याचे स्थान काय, अंतिम अकरांवर शेवटचा शब्द त्याचा आणि प्रशिक्षकाशी सल्लामसलत बंधनकारक, इतके असावे. मुदत लिहिणे फार महत्त्वाचे. मुदत नसलेले पद रोज जाऊ शकते, म्हणून रोज मानाचा प्रश्न होते. मुदत संपल्यावर नवे पत्र आले नाही तर त्याला कुणी अपमान म्हणत नाही. चमू जाहीर करण्याच्या किमान २४ तास आधी अंतिम यादी कर्णधाराला वाचून दाखवावी. मुदतीआधी पदावरून काढायचे झाले तर निवड समितीच्या अध्यक्षांनी स्वतः भेटून, ते जमलेच नाही तर फोनवर, फक्त तेवढ्याच विषयासाठी बोलावे. दुसऱ्या कामाच्या शेवटी तोंडी लावायला नको. त्यानंतर जाहीर करेपर्यंत ४८ तास जावेत. जास्त नकोत, कारण दोन दिवसांपलीकडे बातमी मुठीत राहत नाही. जानेवारी २००९ मध्ये इंग्लंडचा कर्णधार केव्हिन पीटरसन आणि प्रशिक्षक पीटर मूर्स यांच्यातली तेढ बाहेर फुटली आणि ७ तारखेला एकाच दिवशी दोघांचीही पदे गेली. घोषणा स्वतंत्र पत्रकाने व्हावी, संघाच्या यादीखाली नको, आणि त्यातले कारणाचे वाक्य दोन्ही बाजूंनी आधी वाचलेले असावे.

राजीनाम्याचीही रीत लागते, आणि इथे कर्णधारांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. राजीनामा सचिवांना लेखी द्यावा, प्रत निवड समितीच्या अध्यक्षांना, समाजमाध्यमावर नंतर. कधीपासून लागू, हे पहिल्याच ओळीत असावे. मालिका चालू असेल तर शक्यतो मालिकेअखेर. ते अशक्यच असेल तर निदान सामना संपल्यावर. सामन्याच्या आदल्या रात्रीचा राजीनामा सगळ्यात वाईट, कारण त्याची किंमत मंडळ मोजत नाही, सकाळी ब्लेझर चढवणारा सहकारी मोजतो. डिसेंबर २०१४ मध्ये धोनीने मेलबर्नची कसोटी अनिर्णित राखली, नेहमीची पत्रकार परिषद केली, आणि मग मंडळाच्या पत्रकातून कळले की तो कसोटीतून निवृत्त होतो आहे. मालिका अर्ध्यावर होती, लोक चकित झाले, पण सिडनीला संघ कुणाच्या हाती जाणार याबद्दल शंका नव्हती. निवेदन लिहून आणावे आणि वाचायला दुसरा माणूस शेजारी असावा. नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचे कर्णधार किम ह्यूज यांना राजीनामा वाचताना रडू कोसळले, तेव्हा उरलेला मजकूर व्यवस्थापक बॉब मेरीमन यांनी वाचला. ते अश्रू पुढे त्यांच्या सगळ्या कारकिर्दीवर पसरले, पण निदान निवेदन पुरे झाले.

मंडळाने राजीनामा लेखी स्वीकारावा किंवा ४८ तासांत एकदाच फेरविचाराची लेखी विनंती करावी. ‘आम्ही स्वीकारलाच नाही’ असे वर्तमानपत्रांतून सांगणे म्हणजे माणसाला ना घर का ना घाट का करणे. ऑक्टोबर २००९ मध्ये पाकिस्तानात संसदीय समितीपुढे सामनानिश्चितीच्या आरोपांची चर्चा झाल्यावर कर्णधार युनूस खानने राजीनामा दिला. मंडळाध्यक्षांनी तो स्वीकारला नाही. तो परतला आणि पुढच्याच महिन्यात एका एकदिवसीय मालिकेनंतर बाजूला झाला. तिथलाच दुसरा दाखला २०११ चा. शाहिद आफ्रिदीचे एकदिवसीय कर्णधारपद गेले, त्याने रागाने निवृत्ती जाहीर केली, आणि मंडळाने त्याची परदेशी खेळण्याची ना-हरकत प्रमाणपत्रे रोखली, ४५ लाख पाकिस्तानी रुपयांचा दंड केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणून आमच्या मसुद्यात एक कलम असे हवे की कर्णधारपद सोडल्यामुळे वार्षिक करार, श्रेणी किंवा ना-हरकत प्रमाणपत्र यांवर परिणाम होणार नाही, आणि पुढच्या निवडीत त्या खेळाडूला इतरांचेच माप लागेल. हे कलम नसेल तर वरची सगळी पाने फाडून टाकली तरी चालतील. ज्या राजीनाम्याची शिक्षा खेळाडू म्हणून भोगावी लागते, तो कुणी वेळेवर देत नाही; मग तो साचत जातो आणि भलत्या वेळी फुटतो.

उपकर्णधाराचे नाव प्रत्येक यादीत असलेच पाहिजे, हे इतके साधे आहे की लिहायला संकोच वाटतो. तरी लिहितो, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या शेवटच्या दोन कसोटींसाठी जाहीर झालेल्या यादीत ते नव्हते. नियम सांगतो की नावे दिल्यानंतर कर्णधाराची जागा त्या अकरांतल्याच कुणी घ्यायची. जानेवारी २०२५ ची सिडनी कसोटी आठवा. रोहित शर्मा अकरांत नव्हता, जसप्रीत बुमराने नाणेफेक केली, दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली आणि तो स्कॅनसाठी मैदानाबाहेर गेला, तेव्हा क्षेत्ररचना कोहली लावत होता. दौऱ्याचा कर्णधार पाणी घेऊन आत येत होता. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांना ‘कर्णधार खेळणार का’ असे थेट विचारले, तर उत्तर आले की खेळपट्टी पाहून ठरवू. आपण स्वतः बाजूला झालो, हे रोहितने सामना सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितले. मधल्या वेळात तर्कवितर्कांना ऊत आला. दोन ओळींचे निवेदन नाणेफेकीपूर्वी आले असते तर काय बिघडले असते?

मैदानावरचा मानापमान हा वेगळा विषय आहे आणि त्याची या मसुद्यात सरमिसळ करू नये. तिथे संघ बाहेर काढण्याची किंमत नियमांतच लिहिलेली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ओव्हलवर चेंडू कुरतडल्याचा ठपका आणि पाच दंडधावा सोसल्यावर चहापानानंतर पाकिस्तानचा संघ वेळेत उतरला नाही, आणि पंचांनी सामना इंग्लंडला देऊन टाकला. कर्णधार इंझमामवर चार एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीत दिल्यावर कर्णधार गावसकर चेतन चौहानना घेऊन निघाले होते; सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुर्राणी उभे राहिले आणि त्यांनी चौहानना परत पाठवले. ती कसोटी भारताने ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळून ५९ धावांनी जिंकली. इथे कुठल्या कलमाने काम केले नाही, योग्य जागी उभ्या असलेल्या एका माणसाने केले. तेव्हा संघव्यवस्थापक नेमताना फक्त हॉटेल आणि बस पाहणारा माणूस नेमू नका; कर्णधाराला ‘थांब’ म्हणू शकेल एवढे त्याचे वजन असू द्या. मद्रासला असा माणूस असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आणखी एक. पद सोडणे म्हणजे नेहमी रुसणेच असते असे नाही, हे मंडळाने मनातून मान्य करावे. भारताच्या अगदी पहिल्या कसोटीत, २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर, दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज स्वतः बाजूला बसले आणि सी. के. नायडू संघ घेऊन उतरले. आपले क्रिकेट तिथे पुरे पडणार नाही हे महाराजांनी ओळखले. चार वर्षांनी कर्णधार झालेल्या विजयानगरमच्या महाराजकुमारांनी तसे काही ओळखले नाही, आणि त्या दौऱ्यातून लाला अमरनाथ यांना मायदेशी परत पाठवण्यात आले. पुढचा इतिहास आपल्या दप्तरी असेलच.

मसुद्यातल्या तासांच्या आकड्यांवर आमचा हट्ट नाही. २४ चे १८ करा, ४८ चे ३६ करा. दौरा परदेशी असेल तर वेळेच्या फरकाचा हिशेब धरा. समितीला बैठकीत कर्णधार नको असेल, तर बैठकीनंतर अर्धा तास त्याच्यासाठी राखा. पण तीन गोष्टींत तडजोड करू नये अशी विनंती आहे : मुदतीसह नेमणूकपत्र, अंतिम अकरांवरचा शेवटचा शब्द, आणि पद सोडणाऱ्या खेळाडूच्या कराराला संरक्षण. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि जे ठरेल ते पुरुष व महिला अशा दोन्ही संघांना सारखेच लागू करावे. ठरलेला मजकूर मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी कोण खरे बोलतो हे विचारायला कुणाला पत्रकार परिषद घ्यावी लागणार नाही.

कळावे,

आपले,
क्रिकेटचे नियम आणि नोंदी यांचे काही अभ्यासक

प्रत माहितीसाठी : सर्व राज्य क्रिकेट संघटनांचे सचिव. रणजी कर्णधारांनाही हेच कागद लागतात.